खाटेचा हिशेब

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांतून दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दोन कागद जातात. एक अनुसूची आठमधला ताळेबंद आणि दुसरा अनुसूची नऊमधले उत्पन्न-खर्च पत्रक. विश्वस्त संस्थेने आपल्या उद्दिष्टांवर केलेला खर्च दाखवायला या दुसऱ्या कागदात पाच शीर्षे आहेत : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय कामे. रुग्णालय शंभर खाटांचे असले, त्यात अतिदक्षता विभाग, प्रसूतिगृह, डायलिसिस, रक्तपेढी आणि चोवीस तास चालणारा अपघात विभाग असला, तरी वर्षभराचा तो सारा खटाटोप ‘वैद्यकीय मदत’ या एका ओळीत येऊन बसतो. खाली सनदी लेखापालाची सही होते, विश्वस्त मंडळ ठराव करते आणि हिशेब मंजूर होतो.

या कागदात खोटे काही नसते. दानशूरांनी दिलेला आणि सरकारने करमाफ केलेला पैसा ठरलेल्या कामावर गेला की नाही, हे पाहायला तो बनवला आहे आणि ते काम तो करतो. पण अतिदक्षता विभागातला एक दिवस रुग्णालयाला कितीला पडतो, सिझेरियनच्या बिलातून भूलतज्ज्ञाचे मानधन, ऑक्सिजन आणि धुलाई वजा केल्यावर काय उरते, डायलिसिसचे यंत्र पाच वर्षांनी बदलायला पैसे असतील का, हे त्यातून कळत नाही. रुग्णालय उघडे राहील की नाही, आणि उघडे राहिलेच तर कोणासाठी, हे मात्र याच प्रश्नांवर ठरते.

पहिला हिशेब बाहेरच्यांसाठी असतो. त्याला वित्तीय लेखांकन म्हणतात. तो झालेल्या गोष्टींचा, ठरलेल्या नमुन्यात, वर्षातून एकदा द्यायचा असतो. दुसरा घरच्यांसाठी, म्हणजे व्यवस्थापकीय लेखांकन. त्याला नमुना नाही, तो कोणाकडे सादर करायचा नसतो आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी तो केलाच जात नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या आणि वर्षाची उलाढाल ३५ कोटींपुढे गेलेल्या रुग्णालयांना २०१४च्या नियमांनुसार परिव्यय नोंदी ठेवाव्या लागतात. ट्रस्टच्या रुग्णालयाला तसे बंधन नाही. खर्च नेमका कळण्याची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, त्यालाच कायद्याने मोकळे सोडले आहे.

प्रशासकाच्या खुर्चीवर असते कोण? तालुक्याच्या गावी ती बहुधा एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरकडे असते, नाहीतर बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याकडे. कुठे मेट्रन म्हणून तीस वर्षे काढलेल्या बाईंकडे, कुठे संस्थापकांच्या सुनेकडे. रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी मिळते आणि तिथे हिशेबशास्त्र शिकवतातही. पण ती मुले मोठ्या शहरांतल्या मोठ्या साखळ्यांकडे जातात. सरकारी बाजूला चित्र याहून बिकट आहे. ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक हाच आहरण व संवितरण अधिकारी. देयकांवर सही त्याची, लेखापरीक्षणाचे आक्षेप आले की उत्तर त्याचे. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत त्याला ताळेबंद कोणी दाखवलेला नसतो. मार्चअखेरीला अनुदान परत जाऊ नये म्हणून जी धावपळ होते, तीच त्याची हिशेबाची शाळा.

डॉक्टरांच्या मनात या विषयाबद्दल एक अढी असते आणि ती निराधार नाही. प्रत्येक खाटेमागे किती उत्पन्न, प्रत्येक डॉक्टरमागे किती तपासण्या, असे तक्ते लावून काही रुग्णालयांनी हिशेबाला बदनाम केले आहे. पण त्या तक्त्यांत नीट पाहिले, तर तिथे उत्पन्न असते, खर्च नसतो. अमेरिकेतल्या स्टीव्हन फिंकलर यांनी १९८२ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात एक लेख लिहून डॉक्टरांना बजावले होते, की रुग्णालय आकारते तो दर आणि त्या सेवेला लागतो तो खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. चाळीस वर्षांनंतरही आपल्याकडचे बहुतेक दरपत्रक शेजारच्या रुग्णालयाचे दर पाहून बनते. खाटेचे भाडे कमी ठेवायचे, कारण लोक ते विचारतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर भरून काढायचे, कारण ते कोणी विचारत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने हृदयात घालायच्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत सुमारे तीस हजारांवर आणली आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर मर्यादा घातली. त्या वेळी अनेक रुग्णालयांची जी तारांबळ उडाली, तिचे मूळ इथे होते. परिचर्येचा आणि खाटेचा खरा खर्च त्यांनी कधी मोजलाच नव्हता. तो स्टेंटच्या नफ्याखाली झाकलेला होता.

खर्च मोजण्याची सक्ती येते ती दर दुसऱ्याने ठरवला की. अमेरिकेत १९८३ पर्यंत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना रुग्णालयाला झालेला खर्च भरून देत असे. खर्च वाढला की परतावा वाढे, मग तो मोजून कमी कोण करणार? येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी आजारांचे गट पाडण्याची एक पद्धत तयार केली होती. तिच्या आधारे १९८३ पासून प्रत्येक गटाला ठरीव रक्कम मिळू लागली आणि तिथल्या रुग्णालयांत परिव्यय लेखापालाला एकदम मान आला. आपल्याकडे तसा दिवस २ जुलै २०१२ रोजी उजाडला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०१८ नंतर केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला येऊन मिळाली. शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरलेले आणि रुग्णाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. विश्वस्तांच्या बैठकीत तेव्हापासून एक वाक्य कायमचे रुजले आहे : ‘योजनेचे पेशंट परवडत नाहीत.’

परवडत नाहीत म्हणजे काय, हे पाहण्यासाठी एक रुग्णालय कल्पनेने उभे करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कुठल्या संस्थेचे नाहीत. डायलिसिसची चार यंत्रे. दिवसाला तीन पाळ्या, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे ३१२ डायलिसिस होऊ शकतात. प्रत्यक्षात होतात १५०. तंत्रज्ञांचे पगार, नेफ्रॉलॉजिस्टचे मानधन, आरओ संयंत्राची देखभाल, यंत्रांचा घसारा आणि जागेचा वाटा मिळून महिन्याला २,१०,००० रुपये. डायलिसिस एक होवो की तीनशे, हा आकडा हलत नाही. याला स्थिर खर्च म्हणायचे. डायलायझर, ट्यूबिंग, बायकार्बोनेट, सलाइन, हेपॅरिन, पाणी आणि वीज मिळून दर डायलिसिसला ७०० रुपये. हा बदलता खर्च. पैसे भरणारे रुग्ण ९० वेळा येतात, २,२०० रुपये देतात. योजनेचे ६० वेळा येतात, पॅकेज १,५०० रुपयांचे आहे असे धरू.

लेखनिक हिशेब मांडतो. दोन लाख दहा हजार भागिले दीडशे, म्हणजे १,४००. त्यात ७०० मिळवले की दर डायलिसिस २,१०० रुपयांना पडते. योजना देते १,५००. प्रत्येक रुग्णामागे सहाशे रुपये तोटा, महिन्याला छत्तीस हजार. विभाग एकूण २७,००० रुपये तोट्यात आहे, तेव्हा योजनेचे रुग्ण बंद केले की तोटा जाईल आणि वर नऊ हजार उरतील. बैठकीत माना डोलतात.

आता ते रुग्ण खरोखर बंद करून पाहू. उत्पन्न राहते १,९८,००० रुपये. स्थिर खर्च होता तेवढाच, २,१०,०००. बदलता खर्च ९० गुणिले ७००, म्हणजे ६३,०००. तोटा ७५,००० रुपये. सत्तावीस हजारांचा तोटा घालवायला निघालो आणि तो पाऊण लाखावर नेऊन ठेवला. कारण योजनेचा प्रत्येक रुग्ण आपले सातशे फेडून आठशे रुपये स्थिर खर्चाच्या पदरात टाकत होता आणि आपण साठ वेळचे आठशे रुपये हाकलून दिले. उलट योजनेची ३४ डायलिसिस आणखी केली असती, तर विभाग ना नफा ना तोटा या रेषेवर आला असता. यंत्रे तर निम्मा वेळ रिकामीच होती.

व्यवस्थापकीय लेखांकनाचे माझ्या मते सर्वांत मोलाचे प्रकरण हेच, आणि ते शिकायला एक दुपार पुरते. भागाकार करून काढलेला सरासरी खर्च सत्य असतो, पण निर्णयाला तो उपयोगी असतोच असे नाही. निर्णय घेताना विचारायचे ते एवढेच : हा रुग्ण आला नाही, तर माझा कोणता खर्च खरोखर वाचेल? रुग्णालयात पगार, इमारत आणि यंत्रे यांचा वाटा मोठा असतो. म्हणून तिथे हा प्रश्न विचारला न जाणे फार महाग पडते, आणि ती किंमत वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसाला मोजावी लागते.

याची दुसरी बाजूही त्याच दुपारी शिकावी लागते. यंत्रे तिन्ही पाळ्या भरलेली असतील, तर योजनेच्या रुग्णाची जागा पैसे भरणाऱ्याच्या जागेतून येते आणि गणित बदलते. सगळेच विभाग ‘बदलता खर्च निघतोय ना’ म्हणत चालवले, तर स्थिर खर्च कोणीच भरत नाही आणि पाच वर्षांनी यंत्र बदलायला तिजोरीत काही नसते. देणगीतून आलेल्या यंत्राबद्दल तर ही चूक हमखास होते. ते फुकट आले म्हणून दर ठरवताना त्याचा घसारा धरला जात नाही. दाता कोनशिलेवर राहतो, यंत्र भंगारात जाते आणि रुग्णालय नव्या दात्याच्या शोधात निघते. आयकर कायदाही ट्रस्टला उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायला सांगतो. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त साठवायचे तर हेतू लिहून देऊन पाच वर्षांपर्यंत साठवता येते. म्हणजे यंत्र बदलण्याचा निधी रीतसर उभा करण्याची वाट आहे. पण ती वापरायला पाच वर्षांनंतरचा आकडा आज माहीत असायला हवा.

हिशेब आणि गरीब रुग्ण यांचा संबंध सर्वांत उघड दिसतो तो निर्धन रुग्ण निधीत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातले कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलाचे दोन टक्के, कोणतीही वजावट न करता, वेगळ्या निधीत जमा करायचे. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती खाटांची. निधीच्या खात्यावर खर्च कसा टाकायचा, हे कोणी विचारत नाही.

न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेने ते स्पष्ट लिहिले आहे. खाट, परिचर्या, निवासी डॉक्टर, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या साध्या तपासण्या या गोष्टींचे बिलच करायचे नाही. ज्यांचे बिल करायचे, त्या सेवा रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने निधीतून वळत्या करायच्या. औषधे, साहित्य आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीला. आता समजा, इतर रुग्णांचे वर्षाचे बिल बारा कोटी झाले, तर निधीत चोवीस लाख येतील. बिलिंगच्या संगणकात निर्धन रुग्णासाठी वेगळे दरपत्रक भरलेले नसले आणि एका शस्त्रक्रियेचे साठ हजार निधीच्या नावे पडत असले, तर चाळीस माणसांत निधी संपेल. नियमाप्रमाणे धरून तोच आकडा चाळीस हजारांवर आला, तर साठ माणसांवर उपचार होतील. मधल्या वीस माणसांना ‘निधी शिल्लक नाही’ असे सांगितले जाते, आणि सांगणारा समाजसेवा अधीक्षक खोटे बोलत नसतो. खाते खरोखर रिकामे असते. तिथे कोणाचा दुष्टपणा असावाच लागत नाही. फार्मसीची विक्री किंमत आणि खरेदी किंमत यांतला फरक कोणत्या खात्यावर पडतो, हे पाहणारे कोणी नसले की पुरते.

वस्तू आणि सेवा कराचेही असेच. आरोग्यसेवा करमुक्त आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण विक्रीवर कर नाही म्हणून खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, आणि यंत्रापासून फिनाइलपर्यंतचा तो कर खर्चातच मिसळतो, हे दरपत्रक बनवताना विसरले जाते. जुलै २०२२ पासून दिवसाला पाच हजारांहून महाग खोलीवर, अतिदक्षता विभाग सोडून, पाच टक्के कर आहे. त्याचीही वजावट नाही.

उत्पन्न-खर्च पत्रकात शिल्लक दिसते आणि पगाराच्या तारखेला बँकेत पैसे नसतात, हा अनुभव महात्मा फुले योजनेत आलेल्या बहुतेक रुग्णालयांच्या ओळखीचा. रुग्ण घरी गेला की पॅकेज उत्पन्न म्हणून लिहिले जाते. मग कागदपत्रे चढवायची, शंका आल्या तर उत्तरे द्यायची, एखादा फोटो किंवा अहवाल राहिला तर कपात सोसायची आणि पैसे येण्याची वाट पाहायची. तोवर साहित्याचा पुरवठादार दारात उभा. इथे शिकायची विद्या साधी आहे : येणे रकमेची वयानुसार यादी. तीस दिवसांची किती, साठची किती, नव्वदच्या पुढची किती. कपात कोणत्या कारणाने झाली, कोणत्या विभागात. ही यादी महिनाभर नीट ठेवली की बहुतेकदा दिसते, की कपातीची कारणे मोजकीच आहेत आणि ती वॉर्डातल्या नोंदींत आहेत, लेखा विभागात नाहीत. मग सिस्टरना आणि निवासी डॉक्टरांना बोलावून तो कागद त्यांच्यापुढे ठेवावा लागतो. भांडारातही तेच. वर्षाच्या खरेदीत रकमेने मोठी औषधे कोणती आणि जिवाला अत्यावश्यक कोणती, अशी दुहेरी वर्गवारी केली, की कपाटात मुदत संपत चाललेले महाग इंजेक्शन आणि संपलेले स्वस्त ॲड्रिनलिन एकाच वेळी सापडते.

बेंगळुरूच्या नारायण हृदयालयात डॉ. देवी शेट्टी यांनी आदल्या दिवसाचा नफा-तोटा डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. महिनाअखेरीला ताळेबंद वाचणे म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल वाचणे, रोज वाचले तर निदान होते, अशा अर्थाचे ते सांगत आले आहेत. रोजच्या आकड्याने डॉक्टरवर दडपण येईल, ही भीती मला रास्त वाटते. पण तो कोणता आकडा पाठवायचा, हे आपल्या हाती आहे. वापरलेल्या साहित्याचा खर्च, रद्द झालेल्या शस्त्रक्रिया, ओटी रिकामी राहिलेले तास हे आकडे डॉक्टरने पाहावेत. त्याने लिहून दिलेल्या तपासण्यांचे उत्पन्न त्याला दाखवू नये.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाची गोष्ट महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते आणि ती बहुधा सेवाभावाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरुवात केली. फुकट उपचार घ्यायचे की पैसे भरून, हे तिथे रुग्ण स्वतः ठरवतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. या औदार्याखाली मिनिटांचा पक्का हिशेब आहे. सर्वांत महाग वेळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा. म्हणून दुसऱ्या कोणाला करता येईल असे काम डॉक्टरकडे ठेवायचे नाही. खेड्यांतल्या मुलींना प्रशिक्षण देऊन तपासणी आणि तयारी त्यांच्याकडे दिली, एका डॉक्टरला दोन टेबले दिली, एक शस्त्रक्रिया संपते तोवर शेजारच्या टेबलावर दुसरा रुग्ण तयार. डोळ्यात बसवायची परदेशी भिंगे परवडेनात, तेव्हा १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ काढून ती स्वतः बनवली. रॉबर्ट कॅप्लान आणि मायकेल पोर्टर यांनी २०११ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त जी पद्धत सुचवली, तिचाही गाभा मिनिटे हाच आहे : रुग्णाबरोबर दारापासून दारापर्यंत चालत जा, कोणाची किती मिनिटे लागली ते टिपा, त्या माणसाच्या मिनिटाची किंमत काढा आणि गुणाकार करा. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. घड्याळ, वही आणि टॅलीतले पगाराचे आकडे पुरतात. हर्निया किंवा सिझेरियन, कोणतीही एक शस्त्रक्रिया घेऊन दहा रुग्णांमागे एक शिकाऊ प्रशासक फिरला, तर त्या रुग्णालयाला आपल्याबद्दल आजवर माहीत नसलेले बरेच काही कळेल.

याचा उपयोग रुग्णालयाच्या चार भिंतींपुरता राहत नाही. पॅकेजचे दर कमी आहेत ही तक्रार वर्षानुवर्षे होते आणि तिच्यात तथ्यही आहे. पण दर बदलून घ्यायचे तर समोर खर्चाचा पुरावा ठेवावा लागतो. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेतील डॉ. शंकर प्रिंजा यांच्या नेतृत्वाखाली देशभरातल्या रुग्णालयांचा सेवानिहाय खर्च मोजण्याचा मोठा अभ्यास झाला आणि आयुष्मान भारतचे दर सुधारताना त्याचा आधार घेतला गेला. तक्रारीपेक्षा कागद पुढे गेला. अशा अभ्यासांत मोठी रुग्णालये सहज शिरतात, कारण त्यांच्याकडे नोंदी असतात. भूलतज्ज्ञाला पन्नास किलोमीटरवरून बोलावून घ्यावे लागते, रक्ताची पिशवी जिल्ह्याच्या गावाहून आणावी लागते, वीज गेली की जनरेटरचे डिझेल जाळावे लागते, हा तालुक्याच्या रुग्णालयाचा खर्च वेगळा आहे आणि तो कोणत्याही राज्यव्यापी सरासरीत बुडून जातो. तो दाखवायचा तर एका सिझेरियनचे, एका डायलिसिसचे, अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाचे पत्रक त्या रुग्णालयाच्या प्रशासकालाच बनवावे लागेल, ओळ न् ओळ, पावत्यांसह, आणि दरसुधारणेच्या पुढच्या फेरीआधी योजना राबवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे पाठवावे लागेल.